मिलिंदनं संचात जे घेतलं नसतं

मोबाईलवर मिलिंदचं नाव दिसलं आणि मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता सुरू झालो, “माझं मत बदलणार नाही. ते टायपिंग आपल्या संचात जाणार म्हणजे जाणार!” पलीकडे वहिनी होत्या. “भाऊजी… हे सकाळी उठलेच नाहीत.” महिना उलटला. पण नवरा गेल्याचं सांगणाऱ्या बाईशी मी आधी भांडलो होतो, हे अजून माझ्या पचनी पडत नाही.

छावणी भागातल्या त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांसाठी मोफत मराठी सॉफ्टवेअरचा संच बनवायचो. पुस्तकांची देवघेव सांभाळणारा मूळ प्रोग्राम आमचा. त्याच पेनड्राइव्हमध्ये इतरांनी बनवलेलं काय काय घालायचं, यावरून आमची कायमची जुंपलेली. मला लग्नाच्या पंगतीसारखं सगळंच वाढायची हौस. तो म्हणायचा, “अरे येड्या, आपण दिलं की ते आपलं झालं. बनवणारा कोण, कुठला, लोकांना काय ठाऊक? बिघडलं की फोन आपल्यालाच.”

एकदा त्याच्या नकळत मी पीडीएफ बनवणारं एक फुकट प्रकरण आत सरकवलं. थोड्याच दिवसांत खुलताबादहून ग्रंथपालबाईंचा फोन, “सर, वाचनालयात रमीच्या जाहिराती यायल्यात हो! म्हातारी मंडळी पेपर सोडून तिथंच बसायलीत.” मिलिंद मला स्कूटरवर मागं बसवून घाट चढून गेला. बाईंना म्हणाला, “चूक आमची आहे, ताई.” ‘आमची’ म्हणताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. परतताना मात्र, “वाचक लई वाढवलेस, बरं का,” म्हणत असा हसला की स्कूटर डुलायला लागली.

शेवटचं भांडण मराठी टायपिंगच्या एका नव्या प्रोग्रामवरून. आमच्या संचातलं मिलिंदनं स्वतः बनवलेलं, कुरूप आणि संथ. हे देखणं, पण बनवणारा कुठला, पत्ता नाही. “त्यानं उद्या हात वर केले तर?” मिलिंदनं विचारलं. मी फटकन बोललो, “आणि तू काय अमरपट्टा घेऊन आलायस?” तो हसला, मीही हसलो. “उद्या तपासून ठरवू,” म्हणाला… तो उद्या उजाडला वहिनींच्या फोननं.

परवा संच पाठवणं भागच होतं. वाचनालयं खोळंबली होती. वहिनींनी खोली उघडून दिली. आता अडवणारं कोणी नव्हतं. म्हणजे मी जिंकलोच म्हणा ना… आणि हात चालेना. संच पाठवण्याआधी मिलिंद नेटची वायर भिंतीतून उपसायचा, टॉवेलसारखी खांद्यावर टाकायचा आणि आतलं एकेक उघडून बघायचा. खेड्यात नेट असेलच, याचा काय भरवसा? मीही तसंच केलं. देखणं टायपिंग नेट मागत बसून राहिलं. मिलिंदचं ते ध्यान रखडत, कण्हत, पण उघडलं. मी देखणं काढून टाकलं. यापुढं जुनं बिघडलं तर फोन मला येणार, आणि दुरुस्ती मलाच शिकावी लागणार.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावर होती. “काढा ते,” म्हणाल्या. मी वायर उतरवायला लागलो, तर कप ठेवता ठेवता पुटपुटल्या, “नको… राहू द्या थोडा वेळ.”