आत्यानं निवडलेला देव

माझ्या आत्यानं आजवर जेवढ्या देवांना हात जोडले, तेवढे देव मुळात अस्तित्वातच नाहीत. कमी पडले ते तिनं मैलाच्या दगडांवर भागवून नेले, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. ती भोकरदनला राहते. आरोग्य खात्यात नर्स म्हणून तिनं अख्ख्या तालुक्याच्या दंडांवर सुया टोचल्या. आजही बाजारात एखादा चाळिशीचा धिप्पाड व्यापारी तिला बघून नकळत डावा दंड चोळतो. तिच्यासोबत भोकरदन ते जालना एसटीनं जायचं म्हणजे खिडकीची जागा तिला द्यावी लागते, हवेसाठी नाही, देवांसाठी. मारुती आला, उजवा हात कपाळाला. म्हसोबा आला, परत हात कपाळाला. दर्गा आला, पदर डोक्यावर. विहार आला, दोन्ही हात. गाडी वेगात असली तर मागं पडलेल्या देवाला ती मान वळवून नमस्कार पोचता करते. एकदा तिचा हात असा सारखा वरखाली होताना बघून समोरून येणाऱ्या तीन जीपगाड्या, आपल्यालाच थांबवतायत असं वाटून, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त शपथ कोणत्या देवाची घ्यायची ते आत्यासमोर ठरवणार नाही, कारण बाकीच्यांना वाईट वाटेल असं तिचं म्हणणं पडतं.

अशा बाईचा गुडघा दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून निकामी झाला आणि ती खाटेला टेकली. आतोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. त्यानं आईला रविवारी तोंड दाखवता यावं म्हणून एक टॅब पाठवला. उरलेले सहा दिवस आत्या त्यावर कीर्तनं ऐकायची. एके दिवशी दोन कीर्तनांच्या मध्ये एक जाहिरात आली. तीत मंदिरं होती, घंटा होत्या, धूर होता, सोन्याचा एक देव गरजत होता. आत्याला वाटलं, घरबसल्या दर्शनाची सोय निघाली. तिनं बोट टेकवलं, आणि जिथं सात देव एकमेकांच्या उरावर बसलेत, त्यांचे भक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत तलवारी चालवतायत, अशा 'देव्हारा' नावाच्या एका खेळात माझी सदुसष्ट वर्षांची आत्या नऊवारी मनानं आणि मोडक्या गुडघ्यानं दाखल झाली.

पहिल्याच दिवशी तिनं त्या जगात जो घोळ घातला, तो तिथल्या सात देवांना अजून निस्तरला नसेल. रस्त्यानं चालताना डावीउजवीकडं देवळं लागत होती आणि प्रत्येकासमोर नमस्काराचं एक बटण होतं. समोर देऊळ आहे, बटण आहे, आणि आत्या तशीच पुढं जाईल, हे होणं नव्हतं. तिनं पहिल्याला नमस्कार केला. दुसऱ्याला केला. तिला काय माहीत, की त्या खेळात दुसऱ्या देवाला नमस्कार करणं म्हणजे पहिल्याशी फितुरी! तासाभरात तिनं सहा वेळा धर्म बदलला. आभाळात विजा कडाडल्या, सहा देवळांतून सहा फौजा बाहेर पडल्या, आणि बिचारी आत्या मध्ये उभी राहून म्हणत होती, "आरे, नमस्कार केला ना मी! नमस्कार केला तर मारायला उठले, असे कसे रे देव तुमचे?"

तिथं तिला वाचवलं ते लातूरकडच्या एका जनावरांच्या डॉक्टरनं. हा गृहस्थ दवाखान्यात म्हशींची गर्दी नसली की याच खेळात असायचा. त्याची चार जणांची टोळी होती: तो स्वतः, इंदूरचा एक कापडवाला, आणि कोल्हापूरच्या दोन बहिणी. त्यानं आत्याला एका भिंतीआड ओढून नेलं आणि कानात सांगितलं, "मावशी, इथं एका टायमाला एकच देव चालतो." आत्या म्हणाली, "मंग त्याला देव्हारा कशाला म्हणता? कोनाडा म्हणा की." डॉक्टर इतका हसला, की त्याच्या मागं उभी असलेली म्हैस दावं तोडून पळाली. म्हैस मी पाहिलेली नाही, पण दावं तुटलं असणार.

तरी एक देव निवडणं भागच होतं. टोळीचं म्हणणं, वज्राकला निवडा. वज्राक म्हणजे तोच सोन्याचा गरजणारा, विजयाचा देव, ज्याच्या दारात कायम रांग. आत्या रांगेच्या उलट्या बाजूला चालत गेली. तिथं रस्ता संपतो तिथं सातवं देऊळ होतं, ओरुन नावाच्या पाणवठ्याच्या देवाचं. पायऱ्यांवर गवत, गाभाऱ्यात पाल, आणि आत हनुवटीला हात लावून बसलेली एक बारकी मूर्ती. भक्त आजवर एकही झालेला नाही. आत्या तिथंच थांबली. "याच्याकडं कोणीच यीना," ती मला फोनवर सांगत होती, "बाह्यरुग्ण विभागाच्या बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यावाणी दिसून राह्यलाय." झालं. देव ठरला. टोळीनंही फार ताणलं नाही. एका बाईपायी चौघं ओरुनचे भक्त म्हणवायला लागले, पण नावापुरते; झाडलोट आणि नैवेद्य आत्याकडं.

पुढं दीड वर्ष तिनं त्या जगात जे राज्य केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी जालन्याला बियाण्यांच्या दुकानात असतो. भोकरदनला गेलो, की आत्या खाटेवर पाय लांब करून, कानाला माइकचे हेडफोन लावून बसलेली. "डावीकडून या, डावीकडून! आन त्या राक्षसाला जरा बोलण्यात गुंतवा!" असे हुकूम चाललेले. ठीक बारा वाजले, की समोर राक्षस असो नाहीतर प्रलय, ती लढाई सोडून निघायची. ओरुनच्या नैवेद्याची वेळ. बाकीचे भक्त देवाला तलवारी आणि हिरे वाहायचे. आत्या भाकरी वाहायची. "हिरा काय खायचाय का त्यानं?" एकदा वज्राकची फौज ओरुनच्या देवळात घुसली, तेव्हा आत्या माइकमध्ये अशी ओरडली, "चपला! चपला काढा आधी!" की साठसत्तर सैनिक जागच्या जागी थिजले आणि आपल्या पायांकडं बघायला लागले. तेवढ्या वेळात टोळीनं लढाई मारली. लढाई संपली, की आत्या मैदानात फिरून पडलेल्यांना औषध द्यायची. आपल्यांना देऊन झालं की शत्रूच्यांनाही. डॉक्टर कळवळून म्हणायचा, "मावशी, ते उठून परत आपल्यालाच मारतेत ना!" "जखमेला देव असतो का डॉक्टरसाहेब? पुढचा दंड करा वर." हयात नोकरीत डॉक्टरांना साहेब म्हणण्यात गेली, त्यामुळं जनावरांच्या डॉक्टरलाही तिनं ती पदवी देऊन टाकली होती.

पण खरी मजा लढाईत नव्हती, लढाईच्या मधल्या वेळात होती. डॉक्टर अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगायचा, कापडवाला आपल्या सासऱ्याच्या तक्रारी करायचा, कोल्हापूरच्या बहिणी खरवस कसा करायचा ते विचारायच्या. रविवारचा मुलगा धरून आठवड्यात आत्याशी निवांत बोलणारी माणसं पाच होती, आणि त्यातली चार त्या टॅबमध्ये राहत होती. त्यात मी स्वतःला धरलेलं नाही. मी महिन्यातून एकदा, पाचची परतीची बस धरून.

मागच्या हिवाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा ते घडलं. खेळाचा हंगाम संपायला आठ दिवस होते. टोळीला कधी नव्हे ती जिंकायची संधी होती. आत्यानं मला ऐकू यावं म्हणून हेडफोन काढून ठेवले.

"मावशी, आमचं असं ठरलंय," डॉक्टरचा आवाज आला, "वज्राकला भक्त जास्त, म्हणून त्याच्याकडं ताकद बी जास्त. पाची जणांनी तिकडं जायचं. मंग आपल्याला कोणी हरवत न्हाई."

"जा की मंग. मी कुठं अडवून राह्यले?"

"पाचाचा देव एकच लागतो. न्हाईतर ज्याचा येगळा, त्याला टोळीतून काढावं लागतं. नुसतं एक बटण दाबायचंय तुम्ही."

"आन ओरुनचं?"

"त्याचं काय?"

"तुम्ही चौघं गेले की मी एकटी उरते. मी बी गेले की देऊळ पडतं. शेवटचा भक्त गेला की पडतं, असं पायरीवरच लिहिलंय. वाचलं का तुम्ही?"

"मावशी, खेळातला देव हाये तो."

"आन तुमचा वज्राक काय लातूरचा हाये का?"

मग कोल्हापूरची एक बहीण रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्याबिगर करमायचं न्हाई ओ आम्हाला. चला की!"

आत्याला दुखलं होतं ते मला दिसत होतं. बटणावरून बोट दोनदा फिरलं. मग ती म्हणाली, आणि मला आठवतंय ती एवढं सलग आधी कधी बोलली नव्हती, "हे बघा, पोरींनो. माहेरी आमची भवानी होती. लग्न झालं, सासरचा खंडोबा. रात्रीतून देव बदलला, मला कोणी विचारलं न्हाई. नोकरीत दर तीन वर्षाला बदली, दर गावात येगळा मारुती. सगळ्याला हात जोडले, बिलकुल कमी केलं न्हाई. पण ते सगळे मला दिलेले देव. हा एकटा मी निवडला. आता ह्याला सोडून यायचं म्हणता, तर मला जमत न्हाई. तुम्ही जा. जिंका. माझ्याकडून काही राग न्हाई."

"मावशी, पण..." एवढं डॉक्टर म्हणाला आणि आवाज मध्येच तुटला. पडद्यावर अक्षरं आली, की आता तुम्ही कोणत्याही टोळीत नाही. आत्यानं हेडफोनची वायर नीट गुंडाळली, उशीखाली ठेवली आणि मला विचारलं, "चहा टाकतो का रे बापू?" मी टाकला. साखर विसरलो. तिनं पिऊन टाकला.

त्यानंतर मी गेलो तो दीडेक महिन्यानं. टोळी जिंकली होती, हे तिनंच सांगितलं, आपलीच मुलं पास झाल्यासारखं. ओरुनचं देऊळ उभं होतं. ती रोज बाराला नैवेद्य दाखवत होती, पायऱ्यांवरचं गवत काढत होती आणि टॅब मिटून ठेवत होती. घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. ते तिथं आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला तिनं सहज टॅब उघडला, तर देवळाच्या फाटकात कोणीतरी उभं. सोन्याचं चिलखत, वज्राकचा भक्त. आत्या सावरून बसली. त्या जगात समोरासमोर उभं राहिलं की टोळी कुठलीही असो, आवाज ऐकू येतो. आवाज आला, "मावशी, हाव का?"

"डॉक्टरसाहेब? तुम्ही इकडं?"

"फोन नंबर न्हाई ना तुमचा. दुसरीकडं कुठं सापडणार तुम्ही? देव माझा तोच हाये बरं, वज्राक. तो बदलत न्हाई आता. नुसता बसायला आलो."

तो आत आला आणि पायरीवर बसला. आत्यानं माझा हात घट्ट धरला. "बघ, बघ त्याच्या डोक्यावर," ती कुजबुजली. प्रत्येकाच्या डोक्यावर जीवाची एक हिरवी पट्टी असते. परक्या देवाच्या अंगणात पाय ठेवला की ती थेंबाथेंबानं गळायला लागते. संपली की माणूस मेला, दीड वर्षाची कमाई गेली. डॉक्टरची पट्टी गळत होती आणि तो निवांत सांगत होता, बहिणी खरवस शिकल्या, कापडवाल्याचा सासरा आता त्याच्याकडंच राहायला आलाय. आत्या हसत होती, हो का हो का करत होती, पण नजर पट्टीवर. तिचा उजवा हात स्वतःच्याच डाव्या मनगटावर गेला होता, नाडी धरावी तसा. पट्टी पिवळी झाली. पिवळ्याची लाल व्हायला लागली.

"डॉक्टरसाहेब, उठा आता."

"बसू द्या की वाईच. एका म्हशीचं सांगायचं राह्यलंय."

"उठा म्हणते ना! जल्दी. म्हशीचं उद्या सांगा."

तो उठला. फाटकाबाहेर गेला. आत्या त्याची पट्टी पुन्हा पूर्ण हिरवी होईपर्यंत बघत राहिली, मगच तिनं मनगट सोडलं.

माझ्या डोक्यावर असली कुठलीही पट्टी नव्हती. सख्खा भाचा मी. आत्याच्या खाटेशेजारी बसून माझं काहीच कमी होत नव्हतं. तरी दुपारपासून मी तीनदा घड्याळात बघून घेतलं होतं.

"बापू, पाचला दहा कमी हायेत," आत्या म्हणाली. "गाडी जाईल तुझी."

"सहाची बी असते," मी म्हणालो, आणि पाय वर घेऊन बसलो. "ती म्हैस कोणती गं? तुला काय वाटतं, काय झालं असंल तिचं?"