आठवड्याची एक गोळी

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवल्या की सगळं अर्ध्या झोपेत घडल्यासारखं वाटतं. सोलापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं घर, पंख्याची घरघर, मी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवतेय आणि पाळण्यात वीस दिवसांची नात हुंकारतेय. लेक बाळंतपणाला आली होती. आणि मी नातीला एकदाही छातीशी धरलं नव्हतं.

कारण सांगायची लाज. छातीखाली, पोटाच्या वळ्यांत लालभडक झालं होतं. खाज अशी की जीव नकोसा व्हावा, वर तो आंबूस वास. देवानं अंगही काय दिलंय, वळीवर वळी! मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं, मग दुप्पट. हे तान्ह्या जिवाला लागलं तर? म्हणून मी लांबूनच "माझं सोनं गं ते" करायची.

एके दुपारी लेकीनं पाळण्याची दोरी सोडली. "आई, मुलगी झाली म्हणून घेत न्हाईस व्हय?"

माझा मशीनवरचा पाय थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. माझ्या लेकीएवढीच पोर, पण तिनं नाक मुरडलं नाही.

"बुरशी आहे, काकू. घाम साचतो तिथं वाढते. ते मलम बंद करा. आठवड्याला एक गोळी, अशा चार. साखरही तपासू."

"अन् बाळाला?"

"खुशाल घ्या की! अशी घेतल्यानं लागत नाही." मग तिनं विचारलं, "आतले कपडे कुठं वाळवता?"

कुठं म्हणजे? साडीच्या खाली झाकून, सगळ्या बायका वाळवतात तसे.

"उघड्या उन्हात वाळवा."

अगं बाई! सोलापूरच्या उन्हाच्या नावानं जन्मभर बोटं मोडली, आणि माझ्या कपड्यांना ते कधी दिसलंच नव्हतं.

पुढं साखर वाढलेली निघाली, चहा फिका झाला, चौथ्या गोळीपर्यंत कातडी निवळली. पण मला आठवते ती पहिल्या गोळीची दुपार. गच्चीवर मी सगळे कपडे उघड्यावर टाकत होते. लेक वर आली. "आई, लोक बघतील की!"

"बघू देत!" म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. रडत, चिडत सगळं सांगून टाकलं.

"येडी हाईस का गं? मी रोज रडत होते," ती म्हणाली. खाली नेऊन तिनं मला भिंतीला टेकून बसवलं आणि बाळ छातीवर ठेवलं.

केवढंसं ते ओझं! डोळे मिटून मी त्याचा श्वास ऐकत राहिले. बाळ झोपलं. मला घाम फुटला, वळ्यांत खाज सुटली, गोळी तर नुकतीच पोटात गेलेली. लेकीनं मी शिवलेल्या ढिगातला एक कोरा टॉवेल ओढला आणि माझी मान पुसली. मी मात्र हात हलवला नाही.