लेप सुकेपर्यंतचं अर्थशास्त्र

चेहऱ्यावर मातीचा लेप लावला, की तो सुकेपर्यंत बोलायचं नसतं. हसायचंही नसतं. बोललं की गालांवर भेगा पडतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. पार्लरमध्ये हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तो कुणीच पाळत नाही. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये मात्र गेल्या वर्षी तो काटेकोरपणे पाळला गेला. कारण होतं वहिनींचा अर्थशास्त्राचा पेपर.

वहिनी म्हणजे पार्लरच्या मालकीण. दुसरी खुर्ची त्यांची नणंद सांभाळते. ती दिवसभर ‘वहिनी, कात्री’, ‘वहिनी, टॉवेल’ करत असते, त्यामुळे गिऱ्हाइकांच्याही त्या वहिनीच झाल्या. वयाने मोठ्या असलेल्यांच्यासुद्धा. भुवया कोरण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर वाकून शेवटी त्यांच्या मानेने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, वाकायचं काम कमी करा. वहिनी म्हणाल्या, मग काय गिऱ्हाइकं छताला टांगू?

नेमकं त्याच सुमारास, हेच काम शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली. आपण ताठ उभं राहून सांगायचं, वाकायचं ते मुलींनी. मानेला याहून चांगलं औषध नव्हतं. वहिनींच्या हाताची सफाई पाहून प्राचार्य खूश झाले. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. नियमाप्रमाणे बारावी पास असणं जरुरीचं होतं. वहिनींनी बारावी बाहेरून दिली होती आणि बाकीचे विषय सुटले होते. अर्थशास्त्रात त्या दोनदा आपटल्या होत्या. प्राचार्यांनी जागा पुढच्या निकालापर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, हेही सांगून टाकलं.

वहिनी जिद्दीला पेटल्या. जिद्द होती, वेळही काढला. मन मात्र पुस्तकात टिकेना. त्यांनी चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक केलं. ते इतकं सुरेख झालं, की ते करण्यातच आठवडा गेला. पुस्तक उघडलं की त्यांना घरातले कप्पे आवरायची घाई व्हायची. त्या दिवसांत त्यांचं स्वयंपाकघर जितकं लखलखीत होतं, तितकं आधी कधी नव्हतं आणि नंतरही राहिलं नाही. एकच पान त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या, आणि शेवटच्या ओळीला आल्यावर पहिली ओळ पाहुण्यासारखी अनोळखी वाटायची.

नवऱ्याने आपल्या परीने मदत केली. टेबलावरचा दिवा आणून दिला. बायको अभ्यासाला बसली की तो घरात चोरपावलांनी फिरायचा. त्याने काम आणखी बिघडलं. पावलं वाजत नाहीत म्हटल्यावर तो आता नेमका कुठे असेल, हाच विचार वहिनी करत बसायच्या.

मोबाइल जवळ नको, म्हणून पार्लरमध्ये त्यांनी तो टॉवेल गरम करायच्या पेटीवर ठेवायला सुरुवात केली. एकदा चुकून पेटीतच गेला.

“वहिनी, तुझा फोन वाफवून झालाय,” नणंद म्हणाली. “उतरवू, की अजून एक शिट्टी?”

“ताई, थट्टा पुरे. इथे माझं नशीब पणाला लागलंय.”

“नशीब नाही गं, मान. नशीब तुझं ठीक आहे.”

वाट सापडली ती एका बडबड्या गिऱ्हाइकामुळे. शेजारच्या गल्लीत औषधांचं दुकान चालवणारी एक बाई महिन्याला फेशियल करून घ्यायची. तिचं तोंड बंद राहत नसे. दर वेळी लेपाला भेगा पडायच्या आणि दर वेळी ती तक्रार करायची, की वहिनी, तुमची माती हलकी असते. त्या दुपारी वहिनींनी तिच्या गालावर लेप ओढता ओढता सांगितलं, “आज तुम्ही गप्प पडा. मी बोलते, तुम्ही ऐका.”

“काय बोलणार?”

काय बोलणार, हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं. डोक्यात सकाळी चौथ्यांदा वाचलेलं पान तेवढं होतं. त्यांनी तेच सुरू केलं.

“समजा, मी तुमचं डोकं चेपून दिलं. पहिल्यांदा कसं वाटेल? स्वर्ग. लगेच परत चेपलं, तर बरं वाटेल. तिसऱ्यांदा म्हणाल, राहू दे आता. चौथ्यांदा चेपायला आले तर मला मारायला उठाल. डोकं तेच, हात तोच, पण दर वेळी सुख कमी कमी होत गेलं. याला म्हणतात घटती सीमान्त उपयोगिता.”

डोळ्यांवर कापूस ठेवलेली औषधवाली एका शब्दानेही मध्ये आली नाही. लेप सुकला, उतरला. त्याला एक भेग नव्हती. ती उठून बसली आणि म्हणाली, “म्हणजे आमच्या ह्यांना माझं बोलणं सुरुवातीला आवडायचं, तसं?”

“अगदी तसं,” नणंद पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाली.

रात्री वहिनींनी पुस्तक उघडलं तेव्हा त्या पानावरची ओळ न् ओळ ओळखीची निघाली.

मग ती पद्धतच पडली. सकाळी एक धडा नजरेखालून घालायचा आणि दिवसभर ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तो वाळवायचा. हाताला काम असायचं, समोर गप्प पडलेला माणूस असायचा, आणि मध्येच थांबायची सोय नव्हती. वहिनी थांबल्या, की गिऱ्हाईक बोलणार. घरी टेबलापाशी जे मन शेजारणीच्या पडद्यांपर्यंत भटकून यायचं, ते इथे लेपाइतकंच जागच्या जागी राहू लागलं. गिऱ्हाइकंही रुळली. कुणी विचारायचं, आज बँका का? मागच्या वेळी अर्धवट राहिल्या होत्या. एकीने तर सांगितलं, मला पैशाच्या धड्याला बोलवा, लोकसंख्येत मला रस नाही.

“फेशियलवर धडा फुकट,” नणंद म्हणायची. “उद्या पाटीवर लिहून घेते.”

परीक्षेला महिनाभर उरला असताना एक नव्या बाई आल्या. निवृत्त झालेल्या, पाठीचा कणा पट्टीसारखा सरळ, भाचीच्या लग्नासाठी भाचीनेच जबरदस्तीने पाठवलेल्या. पार्लरची पायरी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चढली होती. खुर्चीत बसताना त्यांनी विचारलं, “यात बोलायचं नसतं म्हणे?”

“सुकेपर्यंत नाही. काही लागलं तर हात वर करा.”

वहिनींनी लेप लावला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि त्या दिवसाचा धडा काढला. मागणी. हा त्यांचा आवडता झाला होता, कारण उदाहरण घरचंच होतं.

“समजा, मी केस कापायचा दर वाढवला. बायका कमी येतील. हा झाला मागणीचा ऱ्हास. आता समजा, दर तोच आहे, पण समोर नवं पार्लर उघडलं. तरी बायका कमी येतील. हा झाला संकोच.”

बाईंचा हात वर गेला. वहिनींनी विचारलं, ओढतंय का? आणि पुठ्ठ्याने वारा घातला. हात खाली आला. वहिनींनी पुढे सुरू केलं, तर हात पुन्हा वर. या वेळी एक बोट डावी-उजवीकडे जोरात हललं. वहिनींनी पंख्याचा वेग वाढवला.

“म्हणजे लक्षात आलं ना? दर बदलला की ऱ्हास, आणि दर न बदलता...”

“उलट,” लेपाच्या आतून आवाज आला. ओठांच्या दोन्ही कडांना भेग गेली. “उलट सांगते आहेस तू.”

“बाई, बोलू नका, फाटेल.”

“फाटू दे.” बाई उठून बसल्या. एका डोळ्यावरचा कापूस मांडीवर पडला. “दर वाढला म्हणून मागणी घटली, तर तो संकोच. वक्र तोच, आपण त्याच्यावरून वर सरकतो. दर तोच असताना दुसऱ्या कारणाने घटली, तर तो ऱ्हास. तेव्हा अख्खा वक्रच डावीकडे जातो. हे मी जन्मभर शिकवलंय. आणि या एका प्रश्नावर मुलं जन्मभर आपटताना पाहिलीत.”

नणंदेने हातातला ड्रायर बंद केला.

“मी दोन्ही वेळा यावरच आपटले असणार,” वहिनी म्हणाल्या.

“आणि त्या औषधवालीला, तिच्या जावेला, बँकेतल्या दोघींना काय सांगितलंस?” नणंद म्हणाली. “आता सगळ्यांना बोलावून दुसरा थर लावायचा का?”

बाईंनी चेहरा धुतला आणि जाताना सांगितलं, की लग्नानंतर रोज दुपारी येऊन मी तुला शिकवते. फी नको. घरी बसून मला कंटाळा येतो.

फुकटची शिकवणी, तीही जन्मभर हाच विषय शिकवलेल्या बाईंची. यात काय बिघडायचं होतं? पण बिघडलं. बाई सुंदर शिकवायच्या. समोर बसून, सावकाश, मुद्देसूद. आणि वहिनी ऐकता ऐकता बाईंची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित दाट आहे, हे पाहत बसायच्या. हनुवटीवरचे तीन केस कसे काढता येतील, याचा त्यांनी मनात पूर्ण आराखडा केला. बाईंनी विचारलं, कळलं? वहिनी म्हणाल्या, हो. बाईंनी विचारलं, काय कळलं? वहिनींनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी नणंद मध्ये पडली.

“बाई, राग मानू नका. आमच्या वहिनीला ऐकून काही येत नाही. तिला सांगूनच येतं. तुम्ही आडव्या व्हा आणि तोंडाला माती लावून घ्या.”

“मी? गप्प बसू?”

“बोटाने सांगा. चुकलं की बोट वर.”

बाईंना हे अवघड गेलं. आयुष्यभर त्या फळ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांच्या लेपाच्या चिंधड्या झाल्या. “वर्गात बोलणाऱ्या पोरांना मी बाहेर काढायचे,” त्या तोंड धुताना म्हणाल्या. “त्यांचं पोट किती फुगत असेल, ते आज कळलं.” पण हळूहळू जमलं. वहिनी बोलायच्या आणि खुर्चीच्या हातावर बाईंचं बोट निवांत पडलेलं असायचं. चूक झाली की ते उठायचं. वहिनी मागे जाऊन वाक्य पुन्हा जुळवायच्या. बोट खाली येईपर्यंत. मधल्या वेळेत जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून संकोच आणि ऱ्हास दुरुस्त करून देण्यात आले. औषधवाली वैतागली. मागच्या महिन्यात उलटं सांगितलंत, म्हणाली, मी ते नवऱ्याला शिकवूनही बसले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंचं बोट एकदाही उठलं नाही. वहिनींना वाटलं, झोप लागली. बाई जाग्या होत्या.

पेपरच्या दिवशी वहिनींचा बाक खिडकीशी आला. आजूबाजूला त्यांच्या मुलांच्या वयाची पोरं. प्रश्नपत्रिका हातात पडली, पहिलाच मोठा प्रश्न मागणीवर होता, आणि वहिनींचं डोकं धुऊन टाकलेल्या कपासारखं रिकामं झालं. हाताखाली चेहरा नव्हता. ओली माती नव्हती. पेन तेवढं होतं, आणि ते काही ऐकून घेत नव्हतं. पोरं लिहायला लागली. वहिनींना बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं बदामाचं चित्र दिसलं, त्याची एक बाजू बसकी होती. मग खिडकीच्या गजांवरचा गंज दिसला. घरी टेबलापाशी व्हायचं तेच सगळं, तसंच्या तसं.

तेवढ्यात वर्गावरचे पर्यवेक्षक त्यांच्या रांगेत येऊन थांबले. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळ कोरडं ठक्क, नाकाच्या दोन्ही बाजूंना सालं निघालेली. वहिनींनी त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. मनातल्या मनात त्यांना खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली, गळ्याभोवती टॉवेल खोचला. हनुवटीपासून वर, नाकाच्या कडेने, कपाळावर दोन बोटांनी आडवा असा लेप ओढला. डोळ्यांवर कापूस. आता बोलायचं नाही हं सर, सुकेपर्यंत. समजा, मी केस कापायचा दर वाढवला.

पेन चालायला लागलं. मध्ये पर्यवेक्षक दोनदा जागेवरून हलले, तेव्हा वहिनींनी मान वळवून त्यांना शोधलं. पर्यवेक्षकांना वाटलं, यांना जादा पुरवणी हवी आहे. त्यांनी आणून दिली. ती भरली.

पेपर देऊन निघताना वहिनी त्यांच्या टेबलापाशी थांबल्या.

“सर, रात्री झोपताना कपाळाला साय लावत जा. आणि साबण बदला.”

सरांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

वहिनी पास झाल्या. गुण विचारले की त्या विषय बदलतात, पण जागा मिळवायला तेवढे पुरले. नवऱ्याने आता पाय वाजवत चालायला सुरुवात केली आहे. बाई अजून महिन्यातून एकदा पार्लरला येतात. खुर्ची वहिनींची असली तरी लेप नणंद लावते, आणि ती त्यांना काहीच शिकवत नाही, अशी बाईंची तक्रार आहे.

संस्थेतल्या पहिल्या दिवशी वहिनींना खडू दिला गेला. समोर वीस-पंचवीस मुली, सगळ्यांचे चेहरे उघडे, सगळ्यांची तोंडं चालू. वहिनींनी फळ्यावर ‘त्वचेचे प्रकार’ असं लिहिलं, मुलींकडे वळल्या आणि पुढचं वाक्य सुचेना. मग त्यांनी खडू ठेवला, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, “अर्ध्या जणींनी खुर्च्यांत बसा. बाकीच्यांनी माती भिजवा.”