पांजणीतली उगवतीकडची बाजू

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा आटला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली होती. पवनीला आमच्या घरी तेव्हा हातमाग चालत. कोणत्या मागावर कोणतं लुगडं चढलंय, कोणतं सूत भिजत घालायचंय, हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूनं लिहून ठेवत असे. अंथरुणावर पडले तेव्हा ते दार पुसलं गेलं आणि घराची घडी जाऊबाईंच्या हाती गेली.

त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते पांजणीचं.

पांजणी म्हणजे ताण्याच्या, मागावरच्या उभ्या, सुताला तांदळाची खळ लावणं. सकाळी गल्लीभर ताणा पसरायचा, खळ लावायची आणि लांब कुंच्याची दोन टोकं दोघींनी धरून, अर्धं वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. खळ सुकेपर्यंत थांबायचं नाही. एकीनं जरी कंबर सरळ केली तरी कुंचा तिरपा होतो आणि सूत एकमेकांना चिकटतं. उगवतीकडची बाजू जिच्याकडे, ती चाल ठरवते. आमच्या गल्लीत ती बाजू माझी होती. लग्न झाल्यापासून.

मी उठून हिंडू-फिरू लागले तरी जाऊबाईंनी ती सोडली नाही.

“तुह्यानं आता होत नाई व. तू बुढीसंगं कांड्या भर.”

कांड्या भरणं, म्हणजे चरख्यावर बसून कांडीला सूत गुंडाळणं, हे ज्यांचे डोळे, गुडघे गेले त्यांचं काम. मी सासूबाईंच्या शेजारी चरख्यापाशी बसले आणि त्याच दिवशी ठरवलं की ही बाजू परत घ्यायची, तीही मागून नाही, गल्लीसमोर.

प्रश्न होता कंबर कशी तयार करायची. दोन रस्ते होते. जाऊबाई मूळच्या भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या, हायवेवरच्या. त्यांना सगळं भरधाव लागतं. नागपूरच्या भाचीनं त्यांना व्यायामाची सीडी दिली होती. समाजभवनात रोज सकाळी गाणं लावून त्या गल्लीतल्या बायांना उड्या मारायला लावत. महिन्याभरात त्यांचा दंड आवळला होता, हे मला मान्य करावंच लागलं. दुसरा रस्ता भंडाऱ्याच्या फिजिओथेरपीच्या मॅडमचा: जमिनीवर पडून गुडघे वाकवायचे, कंबर सावकाश उचलायची, श्वास सोडत खाली आणायची.

मला घाई होती. सूड घ्यायचा तर उड्या मारूनच, असं वाटलं. एका सकाळी समाजभवनात गेले. दुसऱ्या गाण्यालाच उजव्या पायात मुंग्या आल्या आणि मी भिंत धरून खाली बसले.

“अवं धरा, धरा! नवरी पडली!” जाऊबाई ओरडल्या. बाया पोट धरून हसल्या. त्यातल्या कोण कोण हसल्या ते मला आजही सांगता येईल.

पुढच्या खेपेला मॅडमच्या खोलीत टॉवेल कुंच्यासारखा धरून मी त्यांना पांजणीची चाल करून दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “उड्या राहू द्या. तुम्हाला वाकल्या जागी टिकून राहायचंय. ते हळूच येतं.” तेव्हापासून भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि तसंच राहायचं, ही भर पडली. मांड्या पेटत.

जाऊबाई खिडकीतून डोकावत. “हा व्यायाम होय का झोप होय? तुले पाहून मलेच झोप येऊन राहिली.”

मी डोळे मिटून त्यांचाच चेहरा समोर आणत असे, म्हणजे मांड्या आणखी थोडं सोसत. हळुवार व्यायामानं मन शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही.

दिवाळी गेली, तिच्यामागून मंडईची जत्रा झाली, थंडी पडली. लग्नसराईच्या लुगड्यांचा लांब ताणा गल्लीत पसरला त्या सकाळी धुकं होतं. खळ लावून झाली आणि जाऊबाई यायच्या आत मी जाऊन कुंच्याचं उगवतीकडचं टोक धरलं. ओला ताणा भांडण संपायची वाट पाहत नाही. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दुसरं टोक उचललं.

मी हळू चालले. धुक्यात खळ सुकायला वेळ लागतो, म्हणून हळू चालायला माझ्याकडे कारण होतं. नसतं तरी मी हळूच चालले असते. उड्या मारणाऱ्या पायांना वाकून सावकाश चालणं किती जड जातं, ते मला माझ्या मांड्यांनी शिकवलं होतं.

“पाय उचल नं व! मयत घेऊन चालली का?”

“खळ ओली हाये, जाऊबाई. दम धरा.”

दोन-चार फेऱ्यांनंतर त्यांचे गुडघे थरथरायला लागले. मला दिसत होतं. चाल वाढवली असती तर त्या तरल्या असत्या. मी वाढवली नाही. ताण्याच्या मध्यावर त्या ताडकन सरळ झाल्या, कुंचा कलला, सूत चिकटलं.

“कोण उठलं व ते?” सासूबाई ओट्यावरून गरजल्या.

जाऊबाई तिथंच खाली बसल्या. मी वाकलेलीच राहून विचारलं, “पाणी आणू का जाऊबाई? का गाणं लावू?”

त्या सकाळी समाजभवनात हसलेल्या बाया पुन्हा हसल्या, पण या वेळी माझ्या बाजूनं.

त्यांचं टोक मग माझ्या नवऱ्यानं धरलं. त्याला धड वाकताही येत नव्हतं. तो ताणा पुढे मागावर सारखा तुटत राहिला. प्रत्येक तुटलेला धागा मी जोडला आणि एकदाही कुरकुरले नाही.

पुढच्या आठवड्यात जाऊबाई दारात आल्या. “भिंतीले टेकून तू काय करतं, ते मले दाखव नं.”

“आज काम हाये,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही काम होतं.

पुढच्या पांजणीला त्या न बोलवता आल्या आणि मावळतीकडचं टोक धरून उभ्या राहिल्या.

“किती हळू चालाचं हाये आज?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता.

मी कुंच्याचं उगवतीकडचं टोक उचललं, वाकले आणि चालू लागले.