काय लावू?

बबनअप्पा लग्नाच्या मांडवात आले की थेट माईककडे कधी गेले नाहीत. आधी खुर्च्यांच्या रांगांतून फिरायचे. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, पायात करकरणाऱ्या वहाणा. एकेका पाहुण्यापाशी वाकायचे आणि कानात विचारायचे, "काय लावू?"

म्हणजे नावाआधी काय लावू. आमच्या आळे-आळेफाट्याच्या भागात लग्न असो की दशक्रिया, ज्याचं नाव माईकवरून पुकारलं गेलं नाही तो जेवून गेला तरी आला नाही असंच धरतात. आणि नुसतं नाव पुकारणं म्हणजे माणसाला मांडवात बोडक्या डोक्यानं बसवणं. एका जेसीबीच्या मालकाला अप्पा 'युवा उद्योजक' लावायचे. सरपंचकीला पडलेल्याला 'भावी सरपंच'. मी एकदा म्हणालो, "अप्पा, हे खोटं नाही का?"

"माणूस सांगंल ते लावायचं. कापड त्याचं, माप त्याचं, आपुन फकस्त शिवायचं. न्हाई बसलं तर त्याचं त्याला टोचंल."

आवाज त्यांनी कांद्याच्या लिलावात भाव पुकारून पुकारून कमावला होता. पण या आवाजाला नरमही पडता यायचं. एकदा मुलीकडच्या एका म्हातारीच्या कानाशी ते वाकले. ती लाजून म्हणाली, "माझं काय लावतो रे बाबा, मी दुसऱ्याच्या रानात खुरपाय जाते." थोड्या वेळानं माईकवर आलं, "ज्यांनी खुरपलेल्या वाफ्यात पुन्हा गवताची काडी सापडत नाही, अशा आमच्या गंगूबाई…" मांडव हसला. म्हातारीनं मात्र पदर सारखा केला आणि ताठ बसली.

मी अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलो तेव्हा त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. चुलत बहिणीच्या लग्नात सरळ पुकारलं, "आपल्या वस्तीवरचे पहिलेऽऽ इंजिनिअर, संतोषराव!" आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नाव माझं पुकारलं आणि उठून उभे राहिले माझे वडील. हात जोडून चारी बाजूंना वळले. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. ती डिग्री मी कष्टानं मिळवली होती.

पुढे चाकणच्या ज्या कंपनीत मी होतो तिथली आमची लाइन बंद पडली आणि नोकरी गेली. त्याच सुमारास वडील अंथरुणाला खिळले. दवाखान्यात त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, तोंडात चमच्यानं पाणी सोडणं, हे सगळं मीच करायचो. हळूहळू शेजारच्या खाटांवरून हाका यायला लागल्या. "दादा, आमच्या म्हाताऱ्याला जरा उचलू लागता का?" कंपनीत इतक्या वर्षांत माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. वडील गेले, आणि एकतिसाव्या वर्षी मी मंचरला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. मला कुणी ढकललं नव्हतं. निर्णय माझा होता आणि तो मला पटलेला होता.

तरीही लाज वाटायची ती वाटायचीच. घरून निघताना मी जुनी लॅपटॉपची बॅग अडकवायचो, आत पांढरा युनिफॉर्म घडी करून ठेवलेला. कॉलेजच्या संडासात कपडे बदलायचे, तिथेच परत उतरवायचे. धुतलेला युनिफॉर्म आई अंगणातल्या दोरीवर नाही, आतल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळवायची. माझ्या लग्नाच्या बायोडाटावर तिनं 'इंजिनिअर' तसंच ठेवलं होतं. "आधी कुठं तरी जमू दे," म्हणायची, "मग सांगू." वर्गातली पोरं-पोरी अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या महिन्यात मला दादा म्हणाली, दुसऱ्या महिन्यात काका. आळेफाट्याच्या हॉटेलात एकदा चहा पिताना मागच्या टेबलावर कुणीतरी दुसऱ्याच एका मुलाबद्दल बोलत होतं, "शिकून शिकून शिस्टर झालंय राव!" टेबल हसलं. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

गावात हे फक्त अप्पांना कळलं, तेही चुकून. आम्हाला शिकायला पाठवायचे त्या दवाखान्यात ते साखर तपासायला आले आणि रक्तदाब घ्यायला समोर मी. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "संत्या? हितं?"

"अप्पा, गावात बोलू नका."

"मला पुकारायची सुपारी मिळती, चुगलीची न्हाई," असं म्हणून त्यांनी बाही वर केली.

पुढच्या लग्नसराईत भावकीतलं एक लग्न आलं. अप्पा रांगेतून फिरत माझ्यापाशी आले, वाकले. "काय लावू?" मी म्हणालो, "नेहमीचंच." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि पुढं गेले. मग नावं सुरू झाली. प्रगतशील शेतकरी, आदर्श शिक्षक, युवा उद्योजक. माझं आलं तेव्हा अप्पांनी नुसतं म्हटलं, "…संतोष." पुढे-मागे काही नाही. शेजारी बसलेल्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, चमकून वर बघितलं. "म्हातारा इसराया लागला वाटतं," ते पुटपुटले.

मी जेवणाच्या मंडपामागे अप्पांना गाठलं. ते उभ्यानं बुंदी खात होते. "माझं मोकळं का सोडलं?"

"मग काय करू? इंजिनिअर म्हणाय गेलो तर जीभ वळंना. दुसरं म्हणाय तुझी परवानगी न्हाई."

"आणि साखर असून बुंदी?"

"बुंदी गोड नसतीच रे, नुसता रंग असतो."

तोच रंग पायात उतरला. वहाण लागून अंगठ्याच्या बुडाशी जखम झाली, ती चिघळली. डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग सांगितलं. रिक्षानं रोज नारायणगावला जाणं अप्पांना झेपेना, म्हणून कॉलेजवरून येताना मी त्यांच्या घरी जायला लागलो. गाडी मागच्या गोठ्याशी लावायची, मागच्या दारानं आत. अप्पा हसायचे. "बाईकडं आल्यागत येतो लेका!" मी सलाइननं जखम धुवायचो, जाळीचं कापड ठेवायचो, पट्टी बांधायचो. आठ-दहा दिवसांत तळाशी लाल, कोवळं मांस धरायला लागलं. मला ते बघून जो आनंद व्हायचा तो कंपनीच्या कुठल्याही बक्षिसाच्या वेळी झाला नव्हता. पण तो सांगायचा कुणाला?

एका संध्याकाळी पट्टी सोडलेली, जखम उघडी, माझ्या हातांत रबरी हातमोजे. तेवढ्यात ओट्यावरून तात्यांचा आवाज आला, "अप्पा हायेत का घरात?"

माझे हात जागच्या जागी थांबले. अप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, त्यांना दिसलं. त्यांनी अंगावरची चादर ओढली आणि उघड्या जखमेवर टाकली. मी हातमोजे ओढून खिशात कोंबले, ट्रे पायानं खाटेखाली सारला. तात्या आत आले. "आमचा इंजिनिअर हितं कसा?"

"माईक खरखर करत व्हता," अप्पा म्हणाले, "म्हणलं बघून जा जरा."

फळीवर माईक होता. मी तो हातात घेतला आणि त्याचं बूड फिरवत बसलो. तात्यांनी चहा घेतला, भावकीतल्या एका लग्नाची तारीख सांगितली, कांद्याच्या भावाला शिव्या घातल्या, पावसाचं बोलले. चादरीवर एक ओला डाग हळूहळू मोठा होत होता. तो मला दिसत होता, अप्पांना दिसत होता. तात्यांच्या बाजूला अप्पांनी गुडघा उभा करून धरला होता.

तात्या गेल्यावर मी चादर उचलायला गेलो तर ती चिकटलेली. सलाइन ओतून भिजवली, थोडी थोडी सोडवली, तरी ते कोवळं मांस सुताबरोबर निघून आलंच. मला वर बघवेना.

"रडतो काय? मला दुखत न्हाई तिथं. तो पाय मुका झालाय कवाचा." मग म्हणाले, "आज तुला मेकॅनिक लावलं. उद्या आनखी कुणी आलं तर काय लावायचं, त्येवढं सांगून ठिव."

मी पट्टी बांधली आणि काही न सांगता मागच्या दारानं निघून आलो. लोक मला काय म्हणतील याची लाज मला कितीतरी दिवस वाटत होती. त्या दिवशी गोठ्याशी गाडीला किक मारताना जी वाटली ती वेगळी होती. माझी इज्जत झाकायला आजारी माणसानं स्वतःची जखम वापरली होती, आणि मी ती वापरू दिली होती.

जखम पुढे भरली, उशिरा, पण भरली. अप्पा पुन्हा वहाणा घालून मांडवात फिरायला लागले. माझ्यापाशी आले की मात्र वाकायचे नाहीत, नुसत्या भुवया वर करायचे. मी नजर चुकवायचो, आणि माईकवर माझं नाव तसंच बोडकं यायचं. थंडीत एका पहाटे छातीत कळ येऊन ते गेले. मला निरोप मिळेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दशक्रियेला घाटावर मोठी गर्दी होती. त्यांचाच माईक, धरायला त्यांचा शिक्षक पुतण्या. श्रद्धांजलीसाठी नावं घेत घेत तो माझ्यापाशी आला, चुलत्यासारखाच वाकला. "काय लावू?"

"नर्सिंगला आहे मी," मी हळूच म्हणालो. "ते लाव."

त्यानं मान हलवली, माईकपाशी गेला आणि मोठ्या आदरानं पुकारलं, "आता डॉक्टर संतोषराव दोन शब्द बोलतील."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. तात्यांच्या चेहऱ्यावर मी आनंद फुटताना पाहिला. माईकपर्यंत जाताना माझे कान तापले होते. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, आणि ते कुणाला खोटंही वाटलं नसतं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "मी नर्सिंग शिकतो. शेवटच्या वर्षाला आहे. अप्पांच्या पायाचं ड्रेसिंग मी करत होतो." पुढचं ठरवलेलं काहीच आठवलं नाही. हात जोडले आणि खाली बसलो. मागे बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही असेल.

गाड्यांकडे चालताना तात्यांनी मला गाठलं. मग टोपी झटकत म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी माईक…"

"माईक चांगला होता, तात्या."

ते गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी युनिफॉर्म घरूनच घालून निघालो. लाज गेली असं म्हणणार नाही. आळेफाट्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा वाटलं, सगळा चौक माझ्याकडेच बघतोय. पण त्याहून जास्त एक गोष्ट मनाला लागते. माझ्या नावाआधीचा तो शब्द मला माझ्या फाटक्या आवाजात सांगावा लागला. कांद्याच्या लिलावातल्या त्या आवाजात, लांबवून, भरल्या मांडवात तो पुकारायला अप्पा तयार होते. ते भुवया वर करून विचारत होते, आणि मी दुसरीकडे बघत होतो.