मागे पडलेली गोळी

माझ्या बायकोला, वैदेहीला, माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत. आईपासून लपवलेल्या सिगारेटी माहीत आहेत, बारावीतली कॉपी माहीत आहे. हे मात्र तिला माहीत नाही — कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या या अमेरिकन गावात, पार्सिपनीत राहत नाही म्हणून.

आधी हे सांगायला हवं की मी शिकारीला लागलो कसा. नागपूरचा माणूस, सॉफ्टवेअरमधला, चिकन घेताना दुकानदाराकडे पाठ करून उभा राहणारा! कारण समोरच्या घरातले वॉल्टरकाका. आयुष्यभर लेथवर सुटे भाग कातलेले, सत्तरी ओलांडलेले, एकटे. वैदेही त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणते आणि त्यांची समजूत अशी की ते त्यांचं भारतीय नाव आहे. दर नोव्हेंबरच्या शेवटी ते रायफल घेऊन पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात जायचे. एकदा ते गाडीत सामान भरत होते, तेव्हा मी सहज विचारलं, पळत्या हरणावर नेम कसा धरता?

“हरणावर धरायचाच नाही,” ते म्हणाले. “ते अजून पोचलेलं नाही, तिथे धरायचा.”

संपलं. मला असं काही ऐकवू नये कुणी. मी एक्सेल उघडलं. गोळीचा वेग, हरणाचा वेग, अंतर. साठ यार्डांवर गोळी पोचेपर्यंत हरीण जवळजवळ तीन फूट पुढे गेलेलं असतं — म्हणजे तुम्ही रिकाम्या हवेवर गोळी झाडायची आणि हरणानं तिथे यायचं! मला याचं इतकं नवल वाटलं की मी शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, रायफल घेतली. वैदेही म्हणाली, लोक चाळिशीत सायकल घेतात.

काकांनी मला टायरवर शिकवलं. गाडीचा जुना टायर, मधल्या पोकळीत पुठ्ठ्याची चकती. ते तो उतारावरून सोडायचे, मातीच्या बांधाआड जायचे आणि मी घरंगळत्या चकतीवर गोळी झाडायचो. माझी सगळी भोकं चकतीच्या मागच्या कडेला. गणित बरोबर, नेम पुढे, बंदूक टायरबरोबर सरकतेय — आणि बोट दाबायच्या क्षणी हात थांबायचा. क्षणभरच. तेवढ्यात टायर पुढे. काकांचा हात बार उडाल्यावरही सरकतच राहायचा. माझा का थांबायचा? अजूनही मला हे कोडं आहे. बोटानं काही ठरवलं की बाकीच्या शरीरानं श्वास रोखायलाच हवा का?

त्यांची अट साधी होती. दहातल्या आठ गोळ्या चकतीत लागेपर्यंत पळत्या जनावरावर बार काढायचा नाही. कारण चुकणं वेगळं आणि पोट फोडणं वेगळं. मी शब्द दिला. तेव्हा मी चारवर होतो.

आता — ती सकाळ. उतारावर खाली, पडलेल्या ओकच्या झाडापाशी काका. मी त्यांच्या मागे, पन्नासेक पावलं वर. दहाच्या सुमाराला झाडीतून एक मादी पळत निघाली, डावीकडून उजवीकडे. मला तिला मारायचं होतं का? खरं सांगतो, नाही. मला माझा आकडा बरोबर आहे का ते बघायचं होतं. हे जास्त बरं की जास्त वाईट? मी बरेच दिवस समजत होतो, बरं.

मी झाडली. त्याच क्षणी काकांनीही झाडली. दोन बार, आवाज एकच. रायफलवरच्या दुर्बिणीतून मला दिसलं — तिच्या पोटावरचे केस उडाले.

काकांनी मागे वळून वर पाहिलं, हातानंच विचारलं, तू झाडलीस?

मी मान हलवली. नाही.

एवढंच. त्या मानेपाशी मी इतका वेळ घिरट्या घालतोय. शब्द मोडला होता, ते मला पुन्हा आणणार नाहीत अशी भीती वाटली. भित्रेपणा, दुसरं नाव नाही. रिकामं काडतूस मी खिशात टाकलं.

दोन तास आम्ही रक्ताच्या मागावर चाललो. ओढ्याकाठी ती बसली होती, मान वर करून आमच्याकडे बघत. काकांनी मानेत एक गोळी घालून तिला सोडवलं. मग तिला उलटंपालटं केलं. पहिल्या गोळीची जखम एकच, पोटातली. एका अंगाला वर शिरलेली, दुसऱ्या अंगाला बरीच खाली निघालेली. मी मेला तेव्हाही निरखून बघत होतो! गोळी उंचावरून आली होती. उंचावर कोण होतं? काकांची कुठेतरी झाडीत गेली असणार.

त्यांनी फक्त पोट पाहिलं. हातमोजा काढला आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. “माझा हात थांबला,” ते म्हणाले. “पन्नास वर्षांत कधी थांबला नव्हता.”

मी सांगू शकलो असतो. तिला पिकअप ट्रकपर्यंत ओढत न्यायला आम्हाला तासभर लागला. तासभर वेळ होता.

पुढच्या वर्षी वैदेही म्हणाली, “अरे, वॉल्टरकाकांनी हंटिंग कायमचं कॅन्सल केलं. स्वतःच्या हातावर ट्रस्ट नाही म्हणतात. तू बोल ना यार, तुझं ऐकतात ते.”

मी बोललो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांची कॉफी पीत मी म्हणालो, काका, वय झालं की होतं असं.

नोव्हेंबरात मी एकटा गेलो. त्यांच्या जागी, ओकपाशी बसलो. नर आला, पळता. माझा हात थांबला नाही. खांद्यामागे, एका गोळीत.

त्यांना दाखवायला मी तो घरी आणला. हो, मुद्दाम. ते पायऱ्या उतरून आले, ट्रकच्या कडेला ओणवून जखम नीट पाहिली, बोटानं चाचपली. मग माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी वेळेवर सोडलं,” ते म्हणाले. “कुणालातरी नीट शिकवून सोडलं.”

मी म्हणालो, थँक यू, काका.