कैरो हुकल्यावर

नानांना अमेरिका बघायची नव्हतीच, त्यांना बघायचा होता इजिप्त. एकोणीसशे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला माझे वडील माझ्याकडे यायला तयार झाले ते एकाच अटीवर: परतीचं विमान कैरोवरून हवं, आणि तिथे एक दिवस थांबून टूरबरोबर पिरॅमिड आणि थडगी बघता आली पाहिजेत. हायस्कुलात इतिहास शिकवणारा माणूस. पोरांना फळ्यावर पिरॅमिड काढून दाखवण्यात हयात गेली, प्रत्यक्षात तिथला एक दगड पाहिला नव्हता. नुसत्या लेकीसाठी हे विमानात बसणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, ठीक आहे बाबा, इजिप्त तर इजिप्त.

नाना आले, आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यातच त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल, आयसीयू, सगळं झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, उन्हातान्हात हिंडायचं नाही, सरळ घर गाठायचं. कैरो कॅन्सल केलं. नाना चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते गॅलरीत खुर्ची टाकून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायला लागले. मला ते बघवेना.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, जवळच प्राचीन इजिप्तचं म्युझियम आहे, गाइड बरोबर असते, दिवस छान जातो आणि आत शिरून बघता येईल असं अख्खं थडगं आहे. फोन करून चौकशी केली. ममी खऱ्या, मडकी-दागिने खरे, थडगं मात्र तिकडची थडगी बघून इथेच बांधलेलं. झालं! आता हे यांना कोण सांगणार? नवरा म्हणाला, सरळ सांगून टाक. म्हटलं, तू यात पडू नकोस, वडील माझे आहेत. थडगं आहे, एवढंच मी नानांना सांगितलं. त्यांनी लगेच उठून बॅगेतला कोट काढला आणि झटकून खुर्चीवर टाकला. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते आपणहून काही करत होते.

आमच्या गाइडबाई सत्तरीच्या होत्या, ग्रुपमध्येही सगळे म्हातारेच. अमेरिकन इंग्रजी नानांना नीट झेपत नसे, म्हणून मी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. ममीपुढे त्यांनी हात जोडले. दुपारी डबा उघडायच्या आधी म्हणाले, प्रेत पाहिलंय, आंघोळ नाही तर निदान हातपाय तरी धुतो. रेस्टरूममधून बाहेर आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पाय निथळताहेत अशा अवस्थेत. ग्रुपमधले बघायला लागले. म्हटलं, बघा किती बघायचं ते. मग आम्ही बिनतेलाचे पराठे खाल्ले.

थडग्याच्या दाराशी बाईंनी स्वच्छ सांगितलं की ही कॉपी आहे. नाना माझ्याकडे बघत होते. ते वाक्य मी गाळलं आणि म्हटलं, वाकून या म्हणताहेत.

आत मंद दिवे होते, भिंतीभर चित्रं होती. नानांनी भिंतीवर पंजा टेकवला, काढून घेतला. मी पुढचं सांगायला लागले तर म्हणाले, थांब. आणि स्वतःच सुरू झाले. वर्गातला खणखणीत आवाज. हा भाकरी घेऊन निघालेला नोकर कोण, भिंतीवर नुसतं दार का रंगवलंय, त्यातून कोण ये-जा करणार, सगळं. आमच्या अर्ध्या गावानं त्यांच्याकडून इजिप्त ऐकला होता, मी सोडून. मी मुलींच्या शाळेत. घरी यांचं डोकं सदा पेपरांच्या गठ्ठ्यात. आता मध्येच मला प्रश्नही विचारला. मी चुकले, तर तोंडानं च्च केलं आणि पुन्हा समजावून सांगितलं. बाईंनी कुतूहलानं विचारलं, काय सांगताहेत? तेव्हा मी उलट इंग्रजीत सांगू लागले. सगळे गोळा झाले. एक आजीबाई मला म्हणाल्या, किती हुबेहूब बनवलंय, नाही? मी घाईघाईनं विषय बदलला.

घरी परतताना मात्र मी खुशीत होते. फ्रीवेला लागल्यावर म्हटलं, "नाना, कैरो राहिलं तर राहू दे. थडगं तर बघितलंत."

"प्लास्टरचं होतं ते."

मी विचारलं, कधी कळलं?

"दारातच. बाई बोलल्या की. कॉपी म्हटलेलं मास्तरला कळत नाही होय?"

मला असा राग आला! इतका वेळ माझा जीव टांगणीला, आणि हे सगळं जाणून होते.

"मग त्या खोट्या थडग्यात एवढा वेळ शिकवत काय बसलात?"

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"अगं, तू ऐकत होतीस."

मला रडू आलं. गाडी भर ट्रॅफिकमध्ये होती, थांबायचीही सोय नव्हती.